सहावा आठवडा: पन्नास सेकंद गेले कुठे?

एक दिवस एज ऑफ एम्पायर्स २, दुसऱ्या दिवशी स्टारक्राफ्ट, या दोन कॉम्प्युटर स्ट्रॅटेजी गेम्सचा असा रतीब सहा आठवडे चालू आहे. एक १९९९ चा, दुसरा १९९८ चा. कागदावर जेमतेम दीड वर्षाचं अंतर, पण माझ्या बोटांना विचाराल तर मध्ये एक अख्खी पिढी गेलीय.

आधी एज. २१ पॉपला (लोकसंख्या २१ झाली की) फ्यूडल या पुढच्या युगात जायचं क्लिक करायचं, हाच बिल्ड (सुरुवातीचा ठरलेला क्रम) घोटतोय. मागच्या नोंदीत ९:०५ ला (मिनिटं:सेकंद) क्लिक झाला होता, या आठवड्यात ८:२०. खूश होऊन झोपलो आणि सकाळी हिशोब मांडला. २१ पॉप म्हणजे २० व्हिलेजर (कामकरी) आणि एक स्काउट (टेहळणी करणारा). सुरुवातीचे ३ व्हिलेजर सोडले तर १७ काढायचे, प्रत्येकी २५ सेकंद. त्यात लूमचे (व्हिलेजरांना चिवट करणारं संशोधन) २५ धरा. टाउन सेंटर (व्हिलेजर जिथून निघतात ती मुख्य इमारत) क्षणभरही रिकामं राहिलं नाही तर बरोबर ७:३० ला ५०० अन्न भरून क्लिक करता येतो. म्हणजे मी अजून ५० सेकंद कुठेतरी सांडतोय. दोन व्हिलेजरांचा जन्म!

रेकॉर्डिंग लावून बघितलं. चोर सापडला: रानडुक्कर. एका डुकरात ३४० अन्न असतं, त्यामुळे त्याला सोडणं शक्यच नाही. व्हिलेजरने बाण मारले, डुक्कर मागे लागलं, की माझा कॅमेरा त्या जोडीला चिकटतो तो थेट टाउन सेंटरखाली येईपर्यंत. तेवढ्यात नव्या व्हिलेजरांची रांग संपलेली असते. दुसऱ्या डुकराच्या वेळी तर घर (त्याशिवाय लोकसंख्या वाढत नाही) बांधायचंच राहिलं होतं. आता डुक्कर छेडण्याआधी दोन व्हिलेजर रांगेत टाकायचे, अशी सवय लावतोय.

स्टारक्राफ्टमध्ये रोग हाच, पण तिथे रांग लावूनही सुटका नाही. एससीव्ही (तिथला कामकरी) फास्टेस्टवर, म्हणजे खेळाच्या सर्वात जास्त वेगावर, साडेबारा सेकंदांत बाहेर पडतो आणि कमांड सेंटरपाशी (तिथली मुख्य इमारत) उभा राहतो. रॅली पॉइंट (नव्याने कुठे जायचं ती खूण) मिनरल्सवर (खनिजांवर) लावा, तरी तो तिथवर जाऊन पाहुण्यासारखा शेजारी उभा. हाताने कामाला लावावं लागतं, प्रत्येकाला. एजमध्ये गॅदर पॉइंट झाडावर लावला की माणूस मुकाट्याने लाकूड तोडायला लागतो. ही चैन आहे हे स्टारक्राफ्ट खेळल्यावरच कळलं. बराकी (सैनिक घडवणाऱ्या इमारती) चार झाल्या की आणखी मजा. एका वेळी एकच इमारत निवडता येते, म्हणून एकेक बराक, एम (मरीन या सैनिकाची कळ), पुढची बराक, एम. तोवर फ्रंटवर काय चाललंय ते देव जाणे.

स्टारक्राफ्टमध्ये एका वेळी बाराच युनिट्स निवडता येतात, या मर्यादेवर सगळे चिडतात. मी आता चिडत नाही. ३६ मरीन तीन गटांत असले की कोणता गट डावीकडून जाणार, याचा विचार करावाच लागतो. एजमध्ये मात्र मी आर्चर्सचा (तिरंदाजांचा) एकच लोंढा पुढे ढकलतो आणि मॅंगोनेलचा (दगडफेक यंत्राचा) एक दगड येऊन निम्मे झोपवतो. (स्टारक्राफ्टमधल्या ड्रॅगून या लढाऊ यंत्राचा रॅम्पवरचा, म्हणजे चढणीवरचा, गोंधळ मात्र मर्यादेत बसत नाही. तो शुद्ध छळ आहे.)

उंच जागेचा फायदा दोन्हीकडे आहे, पण हिशोब निराळा. एजमध्ये टेकडीवरून मारलं तर २५ टक्के नुकसान जास्त, खालून वर मारलं तर तेवढंच कमी. सरळ गणित, उंचीमुळे नेम चुकत नाही. स्टारक्राफ्टमध्ये खालून वर झाडलेल्या गोळ्या निम्म्याच्या आसपासच लागतात, म्हणजे नशिबाचा भाग. रॅम्पखाली सहा मरीन नेऊन मी एजच्या हिशोबाने लढाई सुरू केली. वरच्या चार मरीननी सगळे झोपवले आणि त्यांचे दोन उभे राहिले. तेव्हापासून रॅम्पशी वाद नाही.

एक गोष्ट मात्र एजकडून स्टारक्राफ्टकडे नक्की गेली: मिनिमॅप (पडद्याच्या कोपऱ्यातला छोटा नकाशा) बघायची सवय. एजमध्ये नकाशा दर वेळी नवा, मेंढ्या शोधत स्काउट फिरवावाच लागतो, त्यामुळे डोळा आपोआप कोपऱ्याकडे जातो. स्टारक्राफ्टचे नकाशे ठरलेले, तिथे मी हा डोळा मिटून बसायचो. आता शत्रूचा लाल ठिपका दिसतो. वेळेत पोचत नाही, पण दिसतो.

पुढच्या आठवड्यासाठी: एजमध्ये क्लिक ८:०० च्या आत. स्टारक्राफ्टमध्ये पहिला सप्लाय डेपो (युनिट्सची मर्यादा वाढवणारी इमारत) संख्या ९ वर असताना. काल १० वर अडकलो होतो, पुन्हा. डेपो आठवला तेव्हा खात्यात ३२० मिनरल्स पडून होते.