दीड ग्रॅम चांदी आणि मेलेल्या सम्राटाचे नाव

नाणे हातात आले की डोळे आधी नाव शोधतात. उतरत्या रोमन काळातल्या आणि त्यानंतर आलेल्या व्हँडल, गॉथ, स्वेबी या जर्मानिक टोळ्यांच्या राजांच्या चांदीवर काम करायचे तर ही सवय मोडावी लागते. या नाण्यांवर नाव सम्राटाचे असते, पण नाणे त्याने पाडलेले असतेच असे नाही. स्वेबी राजा रेखियार (४४८–४५६) याने आजच्या पोर्तुगालमधल्या ब्रागा इथे पाडलेल्या सिलिक्वावर (सिलिक्वा म्हणजे त्या काळचे लहान, पातळ चांदीचे नाणे) मागे त्याचे स्वतःचे नाव आहे आणि पुढे रोमन सम्राट होनोरिउसचे. होनोरिउस ४२३ मध्येच वारला होता. गॉथांच्या एका शाखेचा, ऑस्ट्रोगॉथांचा, राजा बादुइला, म्हणजेच तोतिला (५४१–५५२), सम्राट जस्टिनियनशी लढत होता. शत्रूचे नाव नको म्हणून त्याच्या बऱ्याच नाण्यांवर ५१८ मध्ये वारलेला सम्राट अनास्तासिउस येतो. म्हणून नाव मी सगळ्यात शेवटी वाचतो.

ज्या नाण्यावरून ही पद्धत सांगतो आहे ते १.६२ ग्रॅमचे, १६ मिलिमीटर व्यासाचे. पुढे मोत्यांची पट्टी बांधलेला, उजवीकडे पाहणारा अर्धपुतळा आणि भोवती होनोरिउसचे नाव. मागे डावीकडे तोंड करून बसलेली रोमा, म्हणजे रोम नगरीची देवता, तिच्या एका हातात विजयदेवता, दुसऱ्यात भाला. बाजूला 'उर्ब्स रोमा' आणि पायांखालच्या रेघेच्या खाली आर-व्ही-पी-एस ही चार अक्षरे. जुन्या पाकिटावर 'होनोरिउस, रावेन्ना' एवढेच लिहिलेले.

पहिले काम वजनाचे. ०.०१ ग्रॅम दाखवणारा जवेरी काटा पुरतो, पण पंखा बंद हवा आणि काटा सपाट दगडी ओट्यावर हवा. लाकडी टेबलावर कोपर टेकले तरी शेवटचा आकडा हलतो. तीनदा मोजून तिन्ही आकडे लिहावेत. व्यास दोन दिशांनी मोजावा, कारण चकती क्वचितच पूर्ण गोल असते. मग ठशांचा कोन: नाणे वरच्या आणि खालच्या कडेला अंगठा-तर्जनीत धरून उभ्या अक्षावर फिरवायचे आणि मागच्या चित्राचे डोके घड्याळाच्या कितीवर येते ते टिपायचे. उशिराच्या रोमन टांकसाळींत ते बहुधा ६ किंवा १२ वर येते. हे सगळे मऊ कापडावर करावे. दीड हजार वर्षे जमिनीत राहिलेली चांदी आतून स्फटिकासारखी ठिसूळ झालेली असते आणि फरशीवर पडली तर वाकत नाही, सरळ तुकडे होतात. चिंच, रांगोळी, टूथपेस्ट यांपैकी काहीही तिला लावू नये. घासल्यावर अक्षरांच्या कडा गोल होतात आणि पुढचे सगळे वाचन त्या कडांवरच अवलंबून असते.

आता वजनाचा अर्थ. रोमन पौंड साधारण ३२५ ग्रॅमचा. कॉन्स्टान्टिउस दुसरा याच्या काळात, ३५० च्या दशकात, सिलिक्वाचे प्रमाण पौंडाला ९६ वरून १४४ वर आले, म्हणजे सुमारे ३.४ ग्रॅमवरून सव्वादोनवर. हातात येणारी नाणी बहुतेक दोन ग्रॅमच्या आसपास किंवा त्याखाली भरतात. होनोरिउसच्या काळापर्यंत वजन आणखी उतरले होते, मिलानची सिलिक्वा तर अनेकदा दीड ग्रॅमचीही नसते. त्यामुळे १.६२ या आकड्यावरून माझ्या नाण्याचा काहीच निकाल लागत नव्हता.

शिवाय वजन फसवते ते कातरणीमुळे. १९९२ मध्ये इंग्लंडच्या सफोक परगण्यात हॉक्सने गावाजवळ सापडलेल्या साठ्यात १४,२१२ सिलिक्वा होत्या आणि त्यांतल्या जवळपास सगळ्यांच्या कडा कातरलेल्या होत्या. ४०७ नंतर ब्रिटनला नवी चांदी येईनाशी झाली, तेव्हा लोकांनी असलेल्या नाण्यांच्या कडा कापून चांदी काढली, पण सम्राटाच्या डोक्याला हात लावला नाही. परिणाम असा की १.२ ग्रॅमची कातरलेली सिलिक्वा आणि त्याच वजनाची ऑस्ट्रोगॉथांची अर्धी सिलिक्वा काट्यावर सारखीच दिसतात. फरक कडेवर पाहायचा. अर्ध्या सिलिक्वाचा ठसाच लहान असतो, त्यामुळे चेहरा लहान, अक्षरे लहान आणि चकती नीट बसली असेल तर भोवतीची ठिपक्यांची कड शाबूत. कातरलेल्यात चेहरा मोठा असतो, अक्षरांची फक्त खालची टोके उरतात आणि कड बहुकोनी होते. दहा पट भिंगातून त्या कडेवर कात्रीच्या प्रत्येक चाव्याची सपाट पट्टी वेगळी दिसते. पट्ट्यांवर पृष्ठभागाइतकीच जुनी पुटे असतील तर कातरणी जुनी. चकाकत असतील तर अलीकडे कुणीतरी कड घासली आहे. माझ्या नाण्याची कड शाबूत होती, म्हणजे १.६२ हे मूळ वजनाच्या जवळचे धरता आले.

वाचायला सुरुवात मी मागच्या बाजूने, तीही तळापासून करतो. टांकसाळीची खूण चेहऱ्यापेक्षा बरेच सांगते. टी-आर म्हणजे ट्रिअर, एम-डी म्हणजे मेडिओलानुम, आजचे मिलान, ए-क्यू म्हणजे अक्विलेआ, आर-व्ही म्हणजे रावेन्ना. पुढचे पी-एस म्हणजे 'पुसुलातुम', शुद्ध केलेली चांदी. त्यानंतर मागचा लेख आणि त्यातल्या जी अक्षरांची संख्या. 'विक्टोरिया' या शब्दापुढे 'औगुस्तुस' (सम्राट) या पदवीच्या संक्षेपातले ए आणि जी किती वेळा आले यावरून किती सम्राट एकाच वेळी मान्य होते ते कळते. बंडखोर कॉन्स्टान्टिन तिसरा याच्या नाण्यांवर आधी चार जी येतात आणि मे ४०८ मध्ये पूर्वेचा सम्राट अर्काडिउस वारल्यावर तीन उरतात. एका अक्षरावरून नाणे त्या मृत्यूच्या आधीचे की नंतरचे ते कळते. पुढच्या बाजूला 'व्हालेंटिनियानुस' वाचून थांबणे ही नेहमीची चूक आहे. नावामागे आय-व्ही-एन असेल तर तो दुसरा, धाकटा.

वाचताना अक्षर दिसते तसेच उतरवावे, दुरुस्त करू नये. हा नियम पाळायला सगळ्यात अवघड, कारण मन चुकीचे अक्षर आपोआप सुधारून घेते. ए मधली आडवी दांडी नसेल तर तसे लिहा, एन उलटा असेल तर उलटा काढा, जी ऐवजी सी असेल तर सीच ठेवा. मी चौकोनी वहीत प्रत्येक अक्षराला एक घर देतो आणि न दिसणाऱ्या अक्षरासाठी घर रिकामे सोडतो. माझ्या नाण्यावर एस दोनदा आडवा पडला होता, शेवटच्या जी ची शेपटी नव्हती आणि रावेन्नाच्या व्ही चे दोन पाय खाली जुळतच नव्हते. रोमाची खुर्ची म्हणजे नुसत्या तीन समांतर रेघा. हातातल्या विजयदेवतेचा एक पंख उरला होता, बाकी ठिपके. कारागिराने दुसरे नाणे समोर ठेवून, लॅटिन न वाचता, ठसा कोरला होता.

नाशिक-जुन्नर भागातली क्षत्रपांची नाणी ज्यांनी हाताळली आहेत त्यांना हे ओळखीचे वाटेल. तीही दोन ग्रॅमच्या आसपासची. पुतळ्याभोवतीची ग्रीक अक्षरे पिढ्यान्‌पिढ्या झिजत नुसती नक्षी होतात, आणि पुढे पाचव्या शतकात त्रैकूटक तोच साचा उचलतात. व्हँडलांनी उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये रावेन्नाच्या नाण्यांची नक्कल केली ती याच शतकात आणि याच कारणाने: बाजारात ज्या नाण्यावर विश्वास आहे त्याच्यासारखेच दिसणारे नाणे लोक घेतात.

यानंतर तुलना. ३९५ ते ४९१ या काळासाठी 'रोमन इम्पीरियल कॉइनेज'चा दहावा खंड (१९९४), त्याआधीच्या ३६४–३९५ साठी नववा, ३३७–३६४ साठी आठवा. हे सगळे क्रमांक अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या ओसीआरई या ऑनलाइन सूचीत फुकट पाहता येतात. राजांच्या स्वतःच्या नाण्यांसाठी मात्र ग्रिअर्सन आणि ब्लॅकबर्न यांचा १९८६ चा 'मिडिव्हल युरोपियन कॉइनेज'चा पहिला खंडच उघडावा लागतो. लिलावांच्या जुन्या नोंदी शोधताना इंग्रजीवर थांबू नये. जर्मनीत व्हँडल 'वांडालेन' म्हणून आणि अर्धी सिलिक्वा 'हाल्बसिलिक्वा' म्हणून नोंदलेली असते, इटालियनमध्ये 'ओस्ट्रोगोटी', स्पॅनिशमध्ये 'सुएवोस'. शिवाय चुकीच्या नावाखालीही शोधावे. मला हवी असलेली निम्मी नाणी 'होनोरिउस, रावेन्ना' याच मथळ्याखाली पडलेली होती.

छायाचित्रांवरून एकाच ठशाची नाणी ओळखताना आकारावर जाऊ नये, प्रत्येक फोटोचे माप वेगळे असते. अक्षरांची चेहऱ्याशी असलेली जागा पाहावी: पट्टीच्या गाठीची टोके कोणत्या दोन अक्षरांमध्ये येतात, नाकाच्या रेषेत कोणते अक्षर आहे, खांद्यावरचा बिल्ला कोणत्या अक्षराला भिडतो. अशा चार-पाच जागा जुळल्या तर ठसा एक. पण चकतीचा आकार, मध्य सरकलेली दिशा आणि ओरखडेही जुळले तर आनंद करू नये. एक तर ते पुन्हा विकले गेलेले तेच नाणे आहे, नाही तर दोन्ही एका नाण्यावरून ओतलेल्या नकला आहेत. कडेची चीर आणि शतांश ग्रॅमपर्यंतचे वजन पाहून मी एकच नाणे दोनदा मोजणे टाळतो. स्वच्छ केल्यावर नाणे इतके बदलते की चिरेशिवाय ओळखता येत नाही. दुर्मिळता ठरवायची ती अशी मोजूनच. जुन्या खंडांतली 'दुर्मिळ' ही खूण तेव्हा पाहिलेल्या संग्रहांपुरती होती, त्यानंतर धातुशोधकांनी कितीतरी नाणी बाहेर काढली आहेत.

खरेपणाच्या चाचणीत पाण्यातल्या वजनाची पद्धत सगळे सुचवतात. शुद्ध चांदीची घनता १०.४९, तांब्याची ८.९६. पण १.६२ ग्रॅमचे नाणे जेमतेम ०.१५४ ग्रॅम पाणी बाजूला सारते. काट्याची चूक ०.०१ असेल तर उत्तर ९.८ पासून ११.२ पर्यंत कुठेही येऊ शकते, म्हणजे हाती काहीच लागत नाही. ०.००१ ग्रॅमचा काटा मिळाला तरच हा खटाटोप करावा, आणि बारीक दोऱ्याला चिकटलेले बुडबुडे आधी झटकावेत. क्ष-किरण यंत्राने फक्त वरचा थर मोजला जातो आणि जमिनीत तांबे झिरपून गेल्यामुळे तो थर आतल्यापेक्षा जास्त शुद्ध असतो. आत तांबे आणि वर चांदीचा पत्रा असलेली नाणी त्या काळातही होत होती, कडेवरचा हिरवा ठिपका त्यांची पहिली खूण. मला जास्त भरवसा भिंगाचा वाटतो. ठसा हाणल्यावर धातू कडेकडे सरकतो, त्यामुळे अक्षरांची बाहेरची टोके किंचित ओढल्यासारखी दिसतात. ओतीव नाण्यात ती बोथट असतात आणि खळग्यांत गोल बुडबुडे राहतात. माझ्या नाण्यावर ओढ स्पष्ट होती.

उरला प्रश्न राजाचा. पुढच्या व्हँडल राजांचे काम सोपे आहे. गुंथामुंड (४८४–४९६) स्वतःचे नाव घालतो आणि मागे मूल्य लिहितो: १००, ५० किंवा २५ देनारी (हिशेबाचे एकक), साधारण दोन, एक आणि अर्धा ग्रॅम. हिल्डेरिकच्या (५२३–५३०) नाण्यावर हातात कणसे घेतलेली कार्थेज नगरीची देवता उभी असते आणि 'फेलिक्स कार्टग' असे लिहिलेले असते. त्याआधीच्या, होनोरिउसच्या नावाने रावेन्नाची नक्कल केलेल्या नाण्यांवर राजाचा कसलाच माग नाही. कार्थेज ४३९ मध्ये व्हँडल राजा गैसेरिकच्या हाती गेले आणि ४८४ पर्यंत तो आणि हुनेरिक असे दोघे राजे झाले. दोघांपैकी एकाचे नाव पाकिटावर लिहिले की किंमत वाढते, म्हणून विक्रीच्या नोंदींत ते सर्रास दिसते.

मी नव्या पाकिटावर लिहिले: 'व्हँडल, कार्थेज (शैलीवरून), होनोरिउसच्या नावाने, रावेन्नाच्या उर्ब्स रोमा नाण्याची नक्कल. इ.स. ४३९ नंतर. राजा अनिश्चित. १.६२ ग्रॅम, १६ मिमी, ६ वाजता. कड न कातरलेली. सापडल्याची जागा अज्ञात.' जुने पाकीट त्याच्या मागेच ठेवले आहे.