लिस्बनला गेंडा बघायला गेलो होतो

सोमवारी लिस्बनच्या बेलेम भागात जायचं नसतं, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. कुठेतरी लिहिलेलं असणारच, मीच वाचलं नव्हतं. लिस्बनमधली बरीच सरकारी स्मारकं आणि संग्रहालयं सोमवारी बंद असतात. २०२३ च्या नोव्हेंबरातल्या एका सोमवारी सकाळी आम्ही मायलेकी पंधरा नंबरच्या ट्रॅममधून उतरलो आणि जेरोनिमोस मठाच्या बंद दाराशी जाऊन उभ्या राहिलो. आईने दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "चार महिने प्लॅनिंग चाललं होतं ना तुझं?"

आम्ही वसईच्या. आईने तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि दरवर्षी पोरांची एक सहल वसईच्या किल्ल्यात नेली. १५३४ ला गुजरातच्या सुलतान बहादुरशाहने वसई पोर्तुगीजांना दिली, १७३९ ला चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली, हे आमच्या घरात मला पाढ्यांच्याही आधी पाठ झालं असावं. निवृत्त झाल्यावर तिने एकच हट्ट धरला. "दोनशे वर्षं आपल्या अंगणात राहिली ही माणसं. एकदा त्यांचं घर बघू दे."

व्हिसाचं रामायण सांगत बसत नाही. अपॉइंटमेंटची तारीख उशिरा मिळते, म्हणून आधी ती घ्या आणि तिकिटाचं मग बघा. प्रवास विमा किमान तीस हजार युरोंचा लागतो. आईच्या पासबुकावर आणि पासपोर्टवर नाव वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिलेलं निघालं, त्यात आठवडा गेला. मिळाला एकदाचा.

माझ्या यादीत सतरा ठिकाणं होती. आईच्या यादीत दोनच: वास्को द गामाची कबर आणि एक गेंडा.

विमानतळावरून मेट्रो थेट शहरात येते. अर्ध्या युरोचं कार्ड घ्यायचं, त्यात पैसे भरायचे, आणि तेच कार्ड बस, ट्रॅम, मेट्रो सगळीकडे चालतं. माणशी एक कार्ड मात्र लागतंच, दोघींत एक चालत नाही. आम्ही उतरलो होतो बायशात, म्हणजे खालच्या सपाट भागात, एका बाईंच्या घरातल्या खोलीत. बाईंना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी किल्ली पुढे केली आणि म्हणाल्या, "शाव." आई म्हणाली, "चावी!" दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. जुन्या पोर्तुगीजमध्ये तो उच्चार 'च'च होता, हे आईने मला जिने चढता चढता ऐकवलं. खरी गंमत दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. शॉवरखाली आईची आंघोळ होत नाही. मी फोनवर भाषांतर शोधत होते, तोवर ती स्वयंपाकघरात जाऊन सरळ "बालदी, बालदी" म्हणाली, आणि बाईंनी मोरीतली निळी बादली आणून दिली. त्यांच्या भाषेतही ती 'बाल्द'च. साबण, बटाटा, कोबी, अननस, लिलाव हे सगळे शब्द त्यांच्याकडूनच आले, हे मलाही माहीत होतं. पण कुणी ते ऐकून वस्तू हातात आणून देईल असं कधी वाटलं नव्हतं.

आता मुद्द्याचं. हे शहर सात टेकड्यांवर आहे म्हणतात, आणि आईला गुडघे दोनच. शिवाय फूटपाथ चुनखडीच्या छोट्या चौकोनी दगडांचे. दिसतात देखणे, रोसियू चौकात तर काळ्या-पांढऱ्या लाटाच काढल्या आहेत, पण पाऊस पडला की त्यांवरून पाय सटकतो. चपला नकोतच, खाली चांगली पकड असलेले बूट हवेत. तीन युक्त्या आम्हाला कामी आल्या. बायशा-शियादू मेट्रो स्टेशनातले सरकते जिने तुम्हाला खालच्या भागातून थेट वर शियादूत सोडतात, त्यामुळे सांता जुश्ता लिफ्टच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. ती लिफ्ट १९०२ ची, लोखंडी, सुंदर. खालून बघून घ्यायची. दुसरी युक्ती म्हणजे रुआ दुस फांकेइरुस रस्त्यावर एका इमारतीतून वर जाणारी सार्वजनिक लिफ्ट, फुकट. तिसरी म्हणजे ७३७ नंबरची बस. ती फिगेरा चौकातून निघते आणि डोंगरावरच्या साउं जॉर्ज किल्ल्याच्या दाराशी नेऊन सोडते.

ही तिसरी युक्ती आम्हाला अपमान होऊन कळली. सगळे जिची स्तुती करतात त्या पिवळ्या अठ्ठावीस नंबरच्या ट्रॅमसाठी आम्ही रविवारी मार्तिम मुनिझला पाऊण तास उभ्या होतो. दोन ट्रॅम भरून गेल्या. तिसरी आली तेव्हा रेटारेटीत एक हात आईच्या पर्सच्या चेनवर आला. विरार लोकलने जन्म काढलेल्या बाईला खिसेकापू काय शिकवणार! पर्स पोटाशी होती, कोपर बाहेर होतं. हात परत गेला. आई म्हणाली, "ही गाडी सोड. बसायला जागा असेल असं काहीतरी बघ." किल्ला ११४७ ला पहिल्या पोर्तुगीज राजाने मुसलमानांकडून जिंकला, वरून तेजो नदी आणि लाल कौलं छान दिसतात. पण आईच्या लक्षात राहिले ते तिथे मोकळे फिरणारे मोर. "एवढे पैसे खर्चून मोर दाखवलास."

त्याआधी शनिवारी आम्ही कार्मूच्या मठात गेलो होतो. रविवारी तो बंद असतो, हे योगायोगाने जमलं. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, चर्चमध्ये माणसं आणि पेटलेल्या मेणबत्त्या. भूकंप झाला, मग नदीतून त्सुनामी आली, आणि आग. शहराचा मोठा भाग गेला. पुढे राजाचा मंत्री मार्केस द पोंबाल याने खालचा भाग सरळ रेघांत नव्याने बांधला, भिंतींच्या आत लाकडी सांगाडे घालून. कार्मूचं छप्पर मात्र कधीच पुरं बसवलं गेलं नाही. आत गेलं की दोन्ही बाजूंना दगडी खांब, डोक्यावर नुसत्या कमानी, आणि कमानींच्या मधून आभाळ.

आई मधोमध थांबली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे तर आपलंच आहे."

आणि होतंच. वसईच्या किल्ल्यातल्या चर्चमध्ये उभं राहिलं की असंच वर आभाळ दिसतं. फक्त तिथे भिंतीतून वडपिंपळाची मुळं उतरलेली असतात आणि कुणीतरी लग्नाआधीचं फोटोशूट करत असतं. इथे तिकीट होतं, हिरवळ कापलेली होती, मागच्या खोलीत संग्रहालय होतं. "यांचं छप्पर एका सकाळी गेलं," आई म्हणाली, "आपलं सावकाश गेलं."

तर पुन्हा सोमवार. मठ बंद, ज्याच्यावर तो गेंडा कोरलाय तो मनोराही बंद. मी रडवेली झाले होते. आईने विचारलं, "गेंडा आत आहे की बाहेर?" बाहेर. "मग चल की!"

बेलेमचा मनोरा नदीच्या काठावर, जवळजवळ पाण्यातच आहे. १५१४ नंतरच्या पाच-सहा वर्षांत बांधला, पांढरट दगडाचा, दोरखंडांची आणि कळ्यांची नक्षी. एरवी दारापाशी रांग असते आणि सगळ्यांचं लक्ष आत जाण्याकडे. त्या दिवशी रांगच नव्हती. आम्ही पश्चिमेच्या बाजूला गेलो आणि पहाऱ्याच्या छोट्या बुरुजांच्या तळाकडे बघायला लागलो. पाच मिनिटं काहीच नाही. मग आईने फोन माझ्या हातातून घेतला, झूम केला, आणि चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली, "हे बघ. हे तोंड."

गेंडा म्हणायला श्रद्धा लागते. पाचशे वर्षांच्या वाऱ्या-पाण्याने शिंग गेलंय, नाक झिजलंय. एका गुळगुळीत गोळ्याला मानेच्या वळ्या आहेत एवढंच. माहीत नसेल तर डुक्कर म्हणाल.

पण तो गेंडा खराखुरा होता. १५१४ मध्ये हिंदुस्थानातला पोर्तुगीज गव्हर्नर आफोन्सू द अल्बुकर्क याने गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशाहकडे दीवला किल्ला बांधायची परवानगी मागितली. सुलतानाने परवानगी दिली नाही, भेटी दिल्या, त्यात एक जिवंत गेंडा. अल्बुकर्कने तो पोर्तुगालच्या राजा मानुएलकडे पाठवून दिला. २० मे १५१५ ला तो लिस्बनला उतरला, हा मनोरा तेव्हा अर्धामुर्धा उभा असेल. शेकडो वर्षांत युरोपने असा प्राणी पाहिला नव्हता. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली, तर हत्तीच पळून गेला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो पोपला भेट म्हणून निघाला आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून मेला. जर्मन चित्रकार ड्यूररने त्याचं प्रसिद्ध चित्र काढलं, तेही न बघता, दुसऱ्या कुणाच्या वर्णनावरून आणि रेखाटनावरून.

हे सगळं मी वाचून आले होते. आईने जे सांगितलं ते मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. नदीकाठच्या कठड्यावर बसून, गुडघा चोळत ती म्हणाली, "हा मुझफ्फरशाह म्हणजे बहादुरशाहचा बाप. बापाकडे दीव मागितलं, त्याने गेंडा देऊन वाटेला लावलं. मुलाच्या मागे हुमायून लागला, त्याने वसई देऊन टाकली, वर्षभरात दीवचा किल्लाही. बाप हुशार होता."

एवढं बोलून तिने डब्यातली भाकरवडी काढली.

मंगळवारी परत गेलो. सोमवारी चुकलेले सगळे मंगळवारी येतात, हे दुसरं शहाणपण. तिथे दोन रांगा असतात: मठाच्या आतल्या चौकाला तिकीट आहे, चर्चला नाही. मी चुकीच्या रांगेत पाऊण तास घालवला. तुम्ही आधी विचारा. चर्चमध्ये शिरल्यावर डाव्या हाताला वास्को द गामा, उजव्या हाताला कवी कामोइंश, दोघेही दगडात हात जोडून आडवे. वास्को १५२४ ला कोचीनमध्ये मेला, आधी तिथेच पुरला होता, नंतर त्याच्या अस्थी पोर्तुगालला आणल्या. आजूबाजूला फोटोंची गर्दी. आई म्हणाली, "१५०२ ला यात्रेकरूंचं भरलेलं जहाज जाळलं याने. ते कुठे लिहिलंय का बघ." मला दिसलं नाही.

ती पुढे वेदीकडे गेली आणि तिने मला हाताने बोलावलं. तिथे राजांच्या कबरी आहेत, प्रत्येक कबर संगमरवरी हत्तींच्या पाठीवर तोललेली. एका बाजूला मानुएल, ज्याने मिरी-मसाल्याच्या व्यापारावर विसावा हिस्सा कर बसवून हा मठ बांधायला घेतला. दुसऱ्या बाजूला त्याचा मुलगा, तिसरा जुवांव. "हाच," आई कुजबुजली. "वसई मिळाली तेव्हा गादीवर हाच होता." तिने पदर नीट केला. का कोण जाणे, देवळात करतात तसा.

चौकातलं दगडी कोरीवकाम अप्रतिम आहे, त्याला तासभर द्या.

बाहेर पडून शेजारच्या प्रसिद्ध बेकरीत गेलो, १८३७ पासूनची. दारातली रांग असते ती बांधून नेणाऱ्यांची. बसून खायचं असेल तर सरळ आत जा, निळ्या फरशांच्या खोल्यांमागून खोल्या आहेत. अंड्याच्या बलकाचं कस्टर्ड भरलेल्या पेस्ट्रीच्या त्या गरम वाट्या आल्या, वरून भुरभुरायला दालचिनी. आईने आधी दालचिनीची डबी नाकाशी नेली, मग सढळ हाताने घातली. दोन खाल्ल्या, तिसरी मागवली.

निघताना तिने काउंटरवरची पाटी वाचली. "पगार," ती म्हणाली. पैसे भरणे, त्यांच्या भाषेत. "माझा तर केव्हाच थांबला. तू दे."