कुणालाच न मिळालेली बढती

रेनेट बर्नार्ड यांच्या खटल्याचा विषय निघाला की लोक ‘गुणवत्ता की आरक्षण’ या ठरलेल्या भांडणात शिरतात. माझी सगळी नोकरी आस्थापना शाखेत, म्हणजे नेमणुका-बढत्यांच्या फाईली हाताळण्यात गेली. त्यामुळे मला त्यात आधी फाईल दिसते.

बर्नार्ड गोऱ्या, तेव्हा दक्षिण आफ्रिकेच्या पोलीस सेवेत कॅप्टन. 2005 मध्ये त्यांनी वरच्या पदासाठी अर्ज केला. नागरिकांच्या पोलिसांविषयीच्या तक्रारी तपासायचं पद. मुलाखतीत सर्वाधिक गुण, निवड मंडळाची शिफारस, आणि तरी नेमणूक नाही. 2006 मध्ये तेच पद पुन्हा जाहीर झालं, पुन्हा त्याच पहिल्या. या वेळी राष्ट्रीय आयुक्तांनी नकार दिला आणि पदच मागे घेतलं. गंमत अशी की स्त्री म्हणून बर्नार्ड तिथल्या रोजगार समता कायद्याच्या लाभार्थी गटातच मोडत होत्या. पण त्या वेतनस्तरावर गोऱ्या स्त्रिया ठरलेल्या प्रमाणापेक्षा आधीच जास्त होत्या.

हे प्रमाण का ठरवावं लागलं? वर्णभेदाच्या राजवटीत त्या एका देशात 11 पोलीस दलं होती. एक मुख्य, बाकी दहा ट्रान्स्काय, सिस्काय, व्हेन्डा, क्वाझुलू अशा ‘होमलँड’ची, म्हणजे कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या काढलेल्या प्रदेशांची. 1995 मध्ये ती सगळी एका सेवेत विलीन केली. आपल्याकडे दोन कार्यालयं एकत्र केली तरी ज्येष्ठता यादीवरून वर्षानुवर्षं तारखा पडत राहतात! शिवाय मुख्य दलातली वरची पदं बहुतेक गोऱ्या पुरुषांकडे. लष्करी हुद्दे जाऊन नागरी हुद्दे आले, 2010 मध्ये पुन्हा कर्नल-जनरल परतले. (पाट्यांचं बिल कुणी मंजूर केलं असेल?) हुद्दे एका आदेशाने बदलले, वरच्या खुर्च्यांवरचा अनुशेष तसा जाणारा नव्हता. 1998 च्या रोजगार समता कायद्यात आपल्यासारखी बिंदुनामावली (कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची हे ठरवणारा तक्ता) नाही. कोट्याला तिथे मनाईच आहे, संख्यात्मक लक्ष्य मात्र चालतं.

बर्नार्ड श्रम न्यायालयात जिंकल्या, श्रम अपील न्यायालयात हरल्या, सर्वोच्च अपील न्यायालयात पुन्हा जिंकल्या, आणि सप्टेंबर 2014 मध्ये संविधान न्यायालयात शेवटच्या हरल्या. न्यायमूर्ती मोसेनेके यांच्या मुख्य निकालाचा पाया राज्यघटनेच्या कलम 9(2) वर आहे: अन्यायाची भरपाई करणारे उपाय हा समतेचाच भाग. ते मला पूर्ण पटतं. सर्वाधिक गुण पडले म्हणजे बढतीवर हक्क निर्माण होत नाही, हेही पटतं.

पटत नाही ते रिकामं ठेवलेलं पद. ते एखाद्या कृष्णवर्णीय स्त्री अधिकाऱ्याला दिलं असतं तर अनुशेष एकाने तरी कमी झाला असता. इथे आयुक्तांचं म्हणणं काय, तर पद अत्यावश्यक नाही, न भरल्याने सेवेला बाधा येत नाही. मग दोनदा मुलाखती घेतल्या कशाला? निकालाशी सहमत असलेल्या काही न्यायाधीशांनीही आयुक्तांची कारणं तोकडी असल्याचं नोंदवलं आहे. असा शेरा मी साहेबांपुढे ठेवला असता तर फाईल ‘सकारण फेरसादर करा’ म्हणून परत आली असती.

2016 मध्ये त्याच न्यायालयाने तुरुंग खात्याला मात्र अडवलं. ‘कलर्ड’ म्हणजे तिथला मिश्रवंशीय समाज तेव्हा देशभरात 9 टक्क्यांच्या आसपास होता, वेस्टर्न केप प्रांतात जवळपास निम्मा. लक्ष्य ठरवताना खात्याने फक्त देशाचा आकडा धरला होता. प्रांताचाही धरायला हवा होता, असं न्यायालय म्हणालं. मला हा निकाल जास्त कामाचा वाटतो, कारण यात आकडा कुठून आणला हे खात्याला विचारलं गेलं.