मामाची केशरी कॅप्सूल

"सिगारेट काही सुटत नाही रे, म्हणून हे सुरू केलंय," असं म्हणत मामाने चहाच्या घोटाबरोबर केशरी कॅप्सूल गिळली.

डबी फिरवून बघितली. अक्षरं इतकी बारीक की मोबाइलचा टॉर्च लावावा लागला. बीटा कॅरोटीन, म्हणजे शरीरात ज्याचं व्हिटॅमिन ए बनतं ते.

पोटात गोळाच आला. फिनलंडमध्ये २९ हजारांवर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर हेच करून बघितलं होतं, काहींना रोज २० मिलिग्रॅम देऊन. १९९४ साली निकाल आला. घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी सोडाच, १८ टक्क्यांनी जास्त! अमेरिकेतली तशीच चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधीच गुंडाळली.

सांगितलं तसं. मामा हसला. "अरे, गाजरातलंच तर आहे ते!"

मग गाजरच खा ना! (हे जरा जोरातच बोललो.)

तेवढ्यात मामी आतून, "आणि ते व्हिटॅमिन ई? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे यांची. दोन्ही मिळून रक्तस्राव होऊ शकतो म्हणे. डॉक्टरांना सांगितलंय का विचार."

मामाने डबी खिशात टाकली.

"त्यांना काय सांगायचं? हे औषध थोडंच आहे!"

तुमच्याही घरात आहे का अशी एखादी 'औषध नसलेली' डबी?