नागपूरची गिरणी, लाइपझिगची गिरणी

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तांडापेठेतल्या आमच्या ओट्यावर चिवड्याची ताटली घेऊन बसले होते. समोरचे काकाजी काठी टेकत आले, बाबांच्या शेजारी टेकले आणि दर सुट्टीत विचारतात तेच त्यांनी पुन्हा विचारलं, "तुमच्या जर्मनीत नेमकं काय चालू हाये पोरी? भांडवलशाही का समाजवाद?"

दर वेळी मी "दोन्ही थोडं थोडं" म्हणून सुटका करून घ्यायचे. या वेळी काकाजी ऐकेनात. "थोडं थोडं म्हंजे काय? लाल बावट्यात तीस वर्षं काढली म्या. मले नीट सांग."

मग सांगत बसले. चहा तीनदा झाला. जे सांगितलं आणि जे सांगायचं राहून गेलं, ते सगळं इथे लिहिते.

मी राहते लाइपझिगला. हे शहर 1949 ते 1990 पूर्व जर्मनीत, म्हणजे समाजवादी जर्मनीत होतं. माझ्या घरापासून सायकलने दहा मिनिटांवर लाल विटांची एक जुनी सूतगिरणी आहे. 1884 साली सुरू झाली आणि पुढच्या पंचवीसेक वर्षांत 2,40,000 चात्यांची झाली. ब्रिटन सोडून उरलेल्या युरोपात तिच्याएवढी मोठी सूतगिरणी नव्हती. पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा फाटकातच पाय थबकले. तीच उंच चिमणी, त्याच एकसारख्या खिडक्यांच्या लांबलचक रांगा. माझे आजोबा नागपूरच्या एम्प्रेस मिलच्या रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात होते. त्यांचा डबा घेऊन बाबा लहानपणी ज्या फाटकाशी उभे राहायचे, ते फाटक मला साडेसहा हजार किलोमीटरवर दिसलं.

एम्प्रेस या गिरणीहून सात वर्षांनी थोरली, 1 जानेवारी 1877 ची. जमशेटजी टाटांनी ती मुंबई सोडून नागपुरात काढली, कारण कापूस इथे पिकत होता. दोन्ही गिरण्या अगदी खाजगी मालकीच्या, नफ्यासाठी काढलेल्या. तरी एम्प्रेसमध्ये 1886 साली कामगारांसाठी पेन्शन फंड सुरू झाला, आणि लाइपझिगच्या मालकांनी कामगारांना घरं बांधून दिली, बालवाडी काढली, भाजी लावायला जमिनीचे तुकडे दिले. त्याच काळात बर्लिनमध्ये बिस्मार्कने 1883 ला आजारपणाचा विमा, 1884 ला अपघाताचा आणि 1889 ला म्हातारपणाचा विमा कायद्याने आणला. बिस्मार्क समाजवाद्यांचा कट्टर वैरी. 1878 पासून त्याने त्यांच्या संघटनांवर बंदी घातली होती. कामगार त्यांच्या मागे जाऊ नयेत म्हणूनच त्याने हे विमे आणले. काकाजी हे ऐकून सरसावून बसले. "म्हंजे आमच्या भीतीनं दिलं!" हो काकाजी, बऱ्याच अंशी तसंच.

आता खालच्या मजल्यावरच्या आजींबद्दल सांगते. त्या सतराव्या वर्षी लाइपझिगच्या या गिरणीत लागल्या, 1968 साली. तेव्हा गिरणी सरकारी होती. नोकरीची शाश्वती होती, मूल गिरणीच्याच पाळणाघरात, भाडं नावापुरतं, पावाचा गोळा पाच फेनिगला (फेनिग म्हणजे तिथला पैसा), वर्षानुवर्षं तेवढ्यालाच. "पोट भरण्याची काळजी मी कधी केली नाही," असं त्या म्हणतात तेव्हा आवाजात अभिमान असतो. तो खोटा आहे असं मला एकदाही वाटलेलं नाही.

मी संत्र्यांच्या गावची हे कळल्यावर त्यांनी मला नाताळातली संत्री सांगितली. पूर्व जर्मनीला डॉलर खर्चून फळं आणणं परवडायचं नाही, म्हणून मित्रदेश क्यूबातून संत्री यायची. साल हिरवट पिवळी, आत चोथाच चोथा, रस कमी. दुकानात आली अशी बातमी फुटली की कामाची पाळी संपताच बाया थेट रांगेत. माणशी मोजून मिळायची. आजींनी हाताच्या ओंजळीने दाखवलं, एवढी. मी त्यांना मोबाइलवर कळमना मार्केटमधला संत्र्यांचा ढीग दाखवला, अंबिया बहाराचा, ट्रकच्या फाळक्यापर्यंत रचलेला. त्यांनी फोन हातात घेतला, फोटो मोठा केला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "हे सगळं विकलं जातं?"

विकलं जातं, पण कोणत्या भावाने ते मी त्यांना सांगितलं. हर्राशीत भाव पडला की काटोल-नरखेडच्या शेतकऱ्याला गाडीभाडंही सुटत नाही. एकीकडे माल नाही म्हणून रांग, दुसरीकडे माल उदंड आणि पिकवणारा रिकाम्या हाताने परत. दोन्ही फोटो खरे आहेत. आणि भाव सरकारने ठरवला की काय होतं हे विदर्भाला शिकवायला नको. 1972 पासून तीसेक वर्षं आपल्याकडे कापसाची एकाधिकार खरेदी होती, म्हणजे कापूस फक्त सरकारनेच विकत घ्यायचा. बाहेर भाव पडले की केंद्रांवर बैलगाड्यांच्या रांगा लागायच्या, आणि बाहेर भाव चढले की तोच कापूस रातोरात आंध्र, मध्य प्रदेशच्या सीमेपार जायचा. पाव पाच फेनिगला ठेवण्यासाठीही कुणाला तरी फरक भरावा लागत होता, आणि तो भरता भरता तो देश कर्जात गेला.

आजींच्या गिरणीचं पुढे काय झालं? 1 जुलै 1990 ला पूर्वेत पश्चिम जर्मनीचं चलन, मार्क, आलं. पगार बहुतांशी एकास एक दराने नव्या मार्कात. एका रात्रीत तिथला माल महाग झाला, आणि पूर्व युरोपातली जुनी गिऱ्हाइकं मार्कात पैसे मोजू शकेनात. सगळे सरकारी कारखाने विकायला एक संस्था नेमली होती. साडेआठ हजारांच्या आसपास कारखाने, चाळीस लाखांच्या घरात कामगार, आणि काम उरकलं चार वर्षांत. सूतगिरणी 1990 नंतर दोन-तीन वर्षांत थांबली. आजी तेव्हा चाळिशीत होत्या. आज त्या इमारतीत चित्रकारांचे स्टुडिओ आहेत, गॅलऱ्या आहेत. एम्प्रेस ऐंशीच्या दशकात टाटांकडून राज्य सरकारकडे गेली, 2002 ला बंद झाली, आणि तिच्या जागेवर मॉल उभा राहिला. मालक खाजगी असो की सरकार, दोन्ही भोंगे थांबले.

इथे काकाजी गप्प झाले. मग म्हणाले, "तरी बी कामाची हमी तर होती नं बाप्पा त्यायले."

होती. पण त्या हमीची किंमत शहराच्या मधोमध एका इमारतीत बघायला मिळते. पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचं लाइपझिगचं मुख्यालय, आता संग्रहालय. 1989 साली या खात्यात 91,000 पगारी माणसं होती आणि त्याच्या दुपटीने शेजारी, सहकारी, नातेवाईक खबर देत होते. तिथे पत्रं वाफेवर उघडायची यंत्रं ठेवलेली आहेत. लोकांनी एकमेकांना लिहिलेली साधी, घरगुती पत्रं.

मला सगळ्यात जास्त पटलेली तुलना मात्र आपल्याच गावातली आहे. जानेवारी 1959 मध्ये काँग्रेसचं अधिवेशन नागपुरात भरलं होतं. काकाजी तेव्हा शाळेत होते. नेहरूंच्या पुढाकाराने तिथे संयुक्त सहकारी शेतीचा ठराव झाला. जमिनी एकत्र करायच्या, मिळून कसायच्या. त्याच अधिवेशनात चरणसिंग उभे राहिले आणि पंतप्रधानांच्या तोंडावर त्यांनी विरोध केला. राजाजी, मिनू मसानी, रंगा यांनी त्याच वर्षी स्वतंत्र पक्ष काढला. ठराव कागदावरच राहिला. आता पूर्व जर्मनी बघा. तिथेही जमिनी एकत्र करायचं ठरलं होतं, आणि 1960 च्या वसंत ऋतूत पक्षाचे लोक गावोगाव दारात जाऊन बसले, सही होईपर्यंत उठेनात. काही महिन्यांत जवळजवळ सगळी शेती सामुदायिक झाली. ज्यांना पटलं नाही ते हजारोंनी पश्चिमेला पळाले. पुढच्या वर्षी 13 ऑगस्टला बर्लिनच्या भिंतीचं काम सुरू झालं. आर्थिक विचार जवळपास एकच, पण एका ठिकाणी "नाही" म्हणता येत होतं.

म्हणून काकाजी, 9 ऑक्टोबर 1989 ला लाइपझिगच्या रस्त्यावर मेणबत्त्या घेऊन उतरलेली सत्तर हजार माणसं स्वस्त पावाविरुद्ध आली नव्हती. दवाखान्यांत रक्ताच्या बाटल्या वाढवून ठेवल्याची बातमी शहरभर होती, तरी ती आली. आमच्या आजीही त्यात होत्या. त्यांना "नाही" म्हणायचं होतं. चीनने बाजार खुला करूनही हा हक्क दिलेला नाही, त्यामुळे तिथले उंच पूल दाखवून कुणी मला काही पटवू शकत नाही.

सहकाराबद्दल थोडं सांगते, कारण ते आमच्या घरावरून गेलं आहे. लाइपझिगहून वीसेक किलोमीटरवर डेलिच नावाचं गाव आहे. तिथे हेर्मान शुल्झे नावाच्या माणसाने 1849 मध्ये चांभारांना एकत्र करून चामडं घाऊक विकत घ्यायला लावलं, मग पतसंस्था काढल्या. त्याचा आग्रह एकच होता, सरकारचा पैसा घ्यायचा नाही. उलट 1863 साली लाइपझिगमध्ये कामगारांचा पहिला पक्ष काढणारा लासाल म्हणायचा, सरकारी भांडवलाशिवाय कामगारांच्या सहकारी संस्था उभ्याच राहणार नाहीत. आपल्याकडे 1904 चा पतसंस्थांचा कायदा आला तोही जर्मन धर्तीवरच. बाबा ज्या सहकारी सूतगिरणीत होते तिथे सभासद शेतकरी होते, पण भागभांडवलाचा मोठा वाटा सरकारचा, आणि निर्णय भलतेच लोक घ्यायचे. 2001 मध्ये ती बंद पडली. मी दहावीला होते. बाबांची देणी मिळायला अकरा वर्षं लागली. आईने शेवया आणि पापड लाटायला घेतले, बाबांनी रातपाळीला चौकीदारी धरली. त्या वर्षी घरात कुणी मोठ्याने बोललेलं मला आठवत नाही.

आणि दोन वर्षांपूर्वी लाइपझिगमध्ये मी नोकरीला होते ती कंपनी बुडाली.

पत्र आलं त्या रात्री मला झोप लागली नाही. बाबांचा चेहराच डोळ्यांपुढे येत होता. सकाळी रोजगार कार्यालयात गेले. बाईंनी माझ्या पगाराच्या पावत्या बघितल्या. प्रत्येक पावतीवर त्या कपातींच्या ओळी असतात, ज्यांच्याकडे मी दर महिन्याला थोड्या नाराजीने बघायचे: पेन्शनला 9.3 टक्के माझे आणि तेवढेच मालकाचे, आरोग्य विम्याचे 14.6 टक्के अर्धेअर्धे आणि वर थोडा जादा हप्ता, बेकारी विम्याला 1.3 टक्के माझे, 1.3 मालकाचे. बाईंनी हिशेब केला. हातात येणाऱ्या पगाराचे 60 टक्के, मूल असेल तर 67, वर्षभर. आरोग्य विमा तसाच चालू. माझ्या मुलीचा दवाखाना, शाळा, काहीच थांबलं नाही. पाच महिन्यांनी मला दुसरी नोकरी मिळाली. कुणाचे उपकार घ्यावे लागले नाहीत, कारण तो हप्ता मी भरला होता. या देशात खाजगी कंपन्या आहेत, नफा आहे, कंपनी बुडूही दिली जाते. दोन हजारांहून जास्त कामगार असलेल्या कंपनीच्या देखरेख मंडळावर निम्मे लोक कामगारांचे, असा 1976 पासून कायदाही आहे. याला तिथले लोक सामाजिक बाजारव्यवस्था म्हणतात. ती निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. पूर्वेतल्या लाखो लोकांना 1990 नंतर भत्ता मिळाला, काम मिळालं नाही, आणि आजींची दोन्ही मुलं पश्चिमेला गेली ती गेलीच.

बाबासाहेबांनी 1947 मध्ये संविधान सभेसाठी एक निवेदन लिहिलं होतं. मूलभूत उद्योग सरकारचे असावेत, शेती सरकारी उद्योग म्हणून चालावी, विमा फक्त सरकारचा असावा आणि प्रत्येक प्रौढ माणसाला त्याच्या मिळकतीप्रमाणे आयुर्विमा सक्तीचा असावा, असं त्यात आहे. आणि हे सगळं हुकूमशाही न आणता, संसदीय लोकशाही ठेवून. दीक्षाभूमीनंतर पाचेक आठवड्यांनी काठमांडूच्या भाषणातही त्यांनी हेच धरून ठेवलं: दुःखाचं कारण मार्क्सलाही दिसलं, पण रक्तपाताचा आणि हुकूमशाहीचा मार्ग नको. सरकारने शेती करावी हे मला पटत नाही. पण हा माणूस विमा आणि मत एकाच दमात मागून गेला, हे मला लाइपझिगच्या त्या कार्यालयात बसल्यावर समजलं.

काकाजी बराच वेळ बोलले नाहीत. बाबा मात्र उठून आत गेले. कालनिर्णयचं मागच्या महिन्याचं पान आणि पेन घेऊन आले.

"किती म्हणलीस? सदुसष्ट?"

"हो बाबा. हातात येणाऱ्या पगाराचे."

"माह्या हातात बत्तीसशे येत होते तवा." पानाच्या मागच्या बाजूला त्यांनी आकडे मांडले, हळूहळू, हातचे घेत. 2,144. मग त्याला बारांनी गुणलं. 25,728. त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि आईला हाक मारली. पीठाच्या हातांनीच ती दारात आली. बाबांनी पान तिच्यापुढे धरलं. तिने आकडा वाचला, हात पदराला पुसला आणि पान घडी घालून देवळीत ठेवलं.