एकशे चौदा पासवर्ड आणि पाठ केलेले सहा शब्द

आमच्या घरी पासवर्डांसाठी एक वही आहे. तिच्यात बाबांच्या सुवाच्य अक्षरात वीजबिल, गॅस, बँक, रेल्वे अशा नोंदी आहेत आणि प्रत्येक नोंदीपुढे खोडून पुन्हा लिहिलेले चार-पाच पासवर्ड. त्यांतला चालू कोणता, हे फक्त त्यांनाच ठाऊक. मी त्या वहीला हसत असे. माझी स्वतःची पद्धत मात्र तिच्याहून वाईट होती, कारण एकच पासवर्ड, फार तर शेवटचा आकडा बदलून, मी सगळीकडे वापरत होते. पुस्तके मागवण्याच्या एका संकेतस्थळावरची माहिती फुटली आणि काही दिवसांतच माझ्या ईमेल खात्यात भलत्याच देशातून कोणी शिरू पाहत असल्याची सूचना आली, तेव्हा माझे हसू मावळले.

अशा चोराला पासवर्ड फोडावा लागत नाही. एका ठिकाणी हाती लागलेली ईमेल आणि पासवर्डाची जोडी तो संगणकाकरवी शेकडो ठिकाणी लावून पाहतो. म्हणून पासवर्ड अवघड असण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ते प्रत्येक खात्याला वेगळे असणे महत्त्वाचे. आणि एकशे चौदा वेगळे पासवर्ड (मोजले तेव्हा माझी खाती तेवढी निघाली) माणसाच्या डोक्यात राहत नाहीत.

मी कीपासएक्ससी हा मोफत, मुक्तस्रोत पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड आपल्यासाठी लक्षात ठेवणारा प्रोग्राम, निवडला. त्याचे सारे भांडार आपल्याच संगणकावर एका कुलूपबंद फाइलमध्ये राहते. २०२२ साली लास्टपास या ऑनलाइन पासवर्ड मॅनेजरच्या ग्राहकांच्या भांडारांच्या प्रती चोरीस गेल्या, त्यांत पासवर्ड कूटबद्ध असले तरी संकेतस्थळांचे पत्ते उघडेच होते, हे वाचल्यापासून माझा ओढा घरातल्या फाइलकडे झाला. अर्थात त्या फाइलच्या प्रती सांभाळण्याची जबाबदारीही मग आपलीच. माझी एक प्रत पेन ड्राइव्हवर असते.

खरा वेळ गेला तो मुख्य पासवर्ड, म्हणजे त्या फाइलचे कुलूप उघडणारा एकमेव पासवर्ड, ठरवण्यात. अभंगाची पहिली ओळ मनात आली होती, पण जे अवघ्या महाराष्ट्राला पाठ आहे ते गुपित कसे राहणार? शेवटी १९९५ सालापासून प्रचारात असलेली डाइसवेअरची, म्हणजे फासे टाकून शब्द निवडण्याची, रीत धरली. मूळ यादीत ७,७७६ शब्द असतात आणि फासा पाच वेळा टाकून त्यांतला एकेक निवडायचा असतो. मी चार फेकांपुरती १,२९६ मराठी शब्दांची यादी केली, ल्युडोचा फासा घेऊन बसले आणि सहा शब्द काढले. दोन शब्द आवडले नाहीत म्हणून बदलण्याचा मोह झाला, पण आवडीनिवडी आल्या की फाशाचा उपयोगच संपतो. परक्या संगणकावर मराठी कळफलक नसतो, त्यामुळे शब्द रोमन लिपीत लिहावे लागले, आणि तिथे ‘ज्ञ’ ‘डी’पासून लिहायचा की ‘जे’पासून, यावर पहिल्या आठवड्यात तीनदा अडखळले.

आणखी एक लाभ मला आधी लक्षात आला नव्हता. कीपासएक्ससीची ब्राउझरमध्ये बसवायची जोडणी (एक्स्टेन्शन) पासवर्ड भरण्यापूर्वी संकेतस्थळाचा पत्ता ताडून पाहते. बँकेच्या पानाची हुबेहूब नक्कल आपल्या डोळ्यांना फसवील, पण पत्त्यातले एक अक्षर इकडचे तिकडे असले तरी ही जोडणी पासवर्ड पुढे करत नाही. तिने गप्प राहणे हीच धोक्याची खूण समजावी.

माझ्या एका बँकेचे संकेतस्थळ मात्र पासवर्ड पेस्ट करू देत नाही आणि ठरावीक मुदतीने तो बदलायलाही लावते. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०१७ सालीच असा विनाकारण बदल सक्तीचा करू नये असे सुचवले आहे, आणि का, ते बाबांच्या वहीतल्या खाडाखोडीवरून सहज कळते: प्रत्येक नवा पासवर्ड हा जुन्याचाच धाकटा भाऊ. पेस्टच्या अडचणीवर कीपासएक्ससीतल्या ऑटो-टाइपचा उपाय आहे. त्यात अक्षरे जणू कळफलकावरूनच टाइप होतात.

माझे काही बरेवाईट झाले तर घरच्यांचे अडू नये म्हणून ते सहा शब्द कागदावर लिहून, पाकीट चिकटवून मी बाबांकडे कपाटात ठेवायला दिले. त्यांनी वही उघडली, पाकिटाची तारीखवार नोंद केली आणि विचारले, “खाली खोडायला चार ओळी सोडून ठेवू ना?”