आमची वाटचाल : सगळा फोटो नाही, हवा तेवढाच भाग

आमचा स्टुडिओ चाळीसगावात आहे. टेबलटॉप फोटोग्राफीसाठी (टेबलावर वस्तू मांडून, देखावा उभारून काढलेले फोटो) ओळखले गेलेले केकी मूस (१९१२–१९८९) याच गावात राहिले, त्यामुळे इथे फोटोकडे बारकाईने पाहणारी माणसं कमी नाहीत. तरीही काउंटरवर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य एकच: "भाऊ, फोटो जरा उजळ करा." आमच्या कामाचा प्रवास म्हणजे या वाक्यातला नेमका कोणता भाग उजळायचा, हे ठरवायला शिकणं.

डार्करूममध्ये हे काम हातानेच होई. तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची चकती लावून एन्लार्जरच्या (निगेटिव्हवरून कागदावर मोठं चित्र पाडणारं यंत्र) प्रकाशात ती चेहऱ्यावर धरायची. तेवढ्या भागावर प्रकाश कमी पडतो आणि प्रिंटमध्ये चेहरा उजळ येतो. एखादा कोपरा गडद करायचा तर भोक पाडलेला पुठ्ठा धरायचा. चकती सतत हलती ठेवावी लागे. ती स्थिर राहिली की चेहऱ्याभोवती कडक कड उमटलीच. आज संगणकावर ब्रशची हार्डनेस (कडेचा कडकपणा) शून्यावर ठेवतो त्यामागे हेच कारण आहे. निगेटिव्हवर रिटचिंगच्या पेन्सिलीने काम केलं की तो भाग प्रिंटमध्ये पांढरा होई, पण चुकलं तर निगेटिव्हच हातची जाई.

पुढे काम संगणकावर आलं. फोटोशॉप या फोटो-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये १९९४ साली लेअर (फोटोवर एकावर एक ठेवलेले थर) आले आणि १९९६ साली अ‍ॅडजस्टमेंट लेअर. आमच्या धंद्यासाठी दुसरी गोष्ट जास्त मोलाची, कारण मूळ फोटोला हात न लावता बदल करता येतो. आजही नव्या मुलाला आम्ही पहिली पद्धत हीच शिकवतो. कर्व्ह्जचा (उजेड-अंधार बदलणारी वक्ररेषा) अ‍ॅडजस्टमेंट लेअर घ्या, मधला बिंदू १२८ वरून १४० च्या आसपास न्या (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा), मग कंट्रोल-आय दाबून मास्क (बदल कुठे दिसावा ते ठरवणारा पडदा; पांढऱ्या भागात बदल दिसतो, काळ्यात लपतो) काळा करा. फोटो पुन्हा होता तसा दिसेल. आता पांढऱ्या ब्रशने, हार्डनेस ० आणि फ्लो (ब्रशमधून पडणाऱ्या रंगाचं प्रमाण) ८ ते १० टक्के ठेवून, फक्त चेहऱ्यावर हळूहळू फिरवा. जास्त झालं तर एक्स दाबून काळा रंग पुढे घ्या आणि तेवढंच पुसा.

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे लेअरच्या यादीत मास्कऐवजी फोटोचा चौकोन निवडलेला असतो आणि नवरीच्या गालावर सरळ पांढरा रंग बसतो. दुसरी चूक सुटलेल्या ठिपक्यांची. ऑल्ट धरून मास्कच्या चौकोनावर क्लिक केलं की मास्क काळापांढरा दिसतो. कपाळावर राहून गेलेला काळा डाग तिथे लगेच सापडतो.

सिलेक्शन करून (हवा तो भाग आखून निवडून) काम करायचं असेल तर फेदर (निवडीच्या कडेचा मऊपणा) पिक्सेलमध्ये मोजला जातो हे विसरू नये. ६००० पिक्सेल रुंदीच्या फोटोवर २० पिक्सेलचा फेदर जेमतेम जाणवतो, पण व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या १२०० पिक्सेलच्या फोटोवर तोच २० चा आकडा चेहऱ्याभोवती प्रभावळ तयार करतो. २०१८ पासून फोटोशॉपमध्ये सिलेक्ट सब्जेक्ट आहे. एका क्लिकमध्ये माणूस वेगळा होतो, पण सुटे केस, गजरा आणि फेट्याचा तुरा त्याला अजूनही नीट जमेलच असं नाही. तिथे हाताने ब्रश फिरवावाच लागतो.

खान्देशातल्या लग्नांच्या अडचणी वेगळ्याच. आखाजीच्या (अक्षय्य तृतीया) सुमारास दुपारी ऊन डोक्यावर असतं, फेट्याची सावली डोळ्यांवर येते आणि लाल-गुलाबी मांडवाचा रंग सगळ्यांच्या गालांवर उतरतो. सावली उचलायची तर रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) हवी. रॉ १४ बिटची असेल तर प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या, जेपेगमध्ये फक्त २५६. जेपेगची गडद सावली फार उचलली की दाणे दिसतात आणि रंगाचे पट्टे पडतात. हळदीच्या फोटोत ह्यू-सॅच्युरेशनमध्ये (रंगाची छटा आणि भडकपणा बदलण्याची सोय) पिवळा साधारण १५ ने कमी करतो, तोही गालावरची हळद मास्कने सोडून, नाहीतर हळदच फिकी पडते. त्वचेतही पिवळा असतोच, त्यामुळे फार खाली गेलं की चेहरा आजारी दिसतो. कर्व्ह्जने उजेड वाढवताना रंगही भडकत असेल तर लेअरचा मोड ल्युमिनॉसिटी करायचा, म्हणजे बदल फक्त उजेडावर होतो, रंगावर नाही.

दागिन्यांचं काम जळगावकडून भरपूर येतं. सोन्याची चमक जिथे २५५ वर जाऊन अडकली आहे तिथे उजळायला काही शिल्लकच नसतं. उलट आजूबाजूची घडण थोडी गडद करायची. त्यासाठी सॉफ्ट लाइट मोडचा (यात करड्यापेक्षा गडद रंग फोटो गडद करतो, उजळ रंग उजळ करतो), ५० टक्के करड्या रंगाने भरलेला लेअर घेऊन काळ्या ब्रशने फ्लो ३ ते ५ वर काम करतो. रावेर-यावलच्या केळी व्यापाऱ्यांच्या जाहिरातीतही हेच धोरण असतं. पिवळा सगळीकडे वाढवला तर देठाची हिरवी छटा जाते आणि माल जास्त पिकलेला वाटतो.

एक गोष्ट आम्ही स्पष्ट सांगतो, उजळ म्हणजे गोरा नव्हे. चेहरा दोन छटा उजळला आणि मान-हात तसेच राहिले की मुखवटा घातल्यासारखं दिसतं, म्हणून मास्क गळा आणि हातांपर्यंत कमी ओपॅसिटीने (परिणामाची तीव्रता) न्यावाच लागतो. दातांचा पिवळेपणा कमी करतो, दात पांढरे रंगवत नाही. डोळ्यांत फक्त बुबुळ उजळतो, पांढरा भाग तसाच ठेवतो.

छपाईच्या लॅबला फाइल एसआरजीबीमध्ये (रंगांची एक प्रमाणित पद्धत) जाते. १२×३६ इंचाचं पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) १०,८०० × ३,६०० पिक्सेल होतं. एवढं पान छापण्याआधी आम्ही त्यातल्या चेहऱ्याचा ४×६ इंचाचा तुकडा छापून पाहतो, कारण मॉनिटरचा ब्राइटनेस जास्त असेल तर स्क्रीनवर बरोबर दिसणारा चेहरा कागदावर गडद निघतो. लेअरसकट पीएसडी (फोटोशॉपची मूळ फाइल) आमच्याकडे राहते. "थोडं कमी करा" असा फोन आला की फक्त लेअरची ओपॅसिटी खाली आणायची असते.